टॉर्टिया शिकायची तर पाकिटातल्या पिठाची की गिरणीच्या ओल्या दळणाची?

मेक्सिकोत, विशेषतः वाहाकात, काही महिने मुक्काम असेल आणि मक्याची टॉर्टिया हाताने थापायला शिकायची असेल, तर दोन वाटा आहेत. दुकानातलं कोरडं पीठ, म्हणजे मासा आरिना, आणून मळायचं. किंवा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, म्हणजे नीश्तमाल करून, गिरणीतून ओला दळून आणायचा. आपल्याकडचं साधं मक्याचं पीठ यात धरलेलंच नाही. त्याला चुना लागलेला नसतो, त्यामुळे उकड काढून भाकरी होईल, टॉर्टिया नाही.

पाकिटाचं काम सोपं. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी, पाच मिनिटं मळणं, ओल्या फडक्याखाली अर्धा तास. एकट्या माणसाला चार टॉर्टिया हव्या असतील तर यापेक्षा सोयीचं काही नाही, आणि पीठ महिनोन्‌महिने टिकतं.

दुसऱ्या वाटेला रात्रच लागते. १ किलो सुका मका (वाहाकाच्या खोऱ्यात ‘बोलिता’ जातीचा मागा, मक्याची कोवळी कणसं किंवा लाह्यांचा मका चालत नाही), ३ लिटर पाणी आणि १० ग्रॅम ‘काल’. काल म्हणजे पानाला लावतात तोच विरलेला चुना, फक्त कोरड्या पुडीत, खाण्याचाच घ्यावा. भांडं स्टीलचं किंवा इनॅमलचं. अ‍ॅल्युमिनियमला चुना खातो. उकळी फुटायच्या जरा खाली ठेवून पाऊण तास शिजवा, आणि झाकून सकाळपर्यंत तसंच राहू द्या.

सकाळी दाणा बोटांत चोळला की साल सुटली पाहिजे, आणि दाणा तोडला की मधोमध पांढरा कोरडा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका नसेल तर मका जास्त शिजला. पीठ चिकट होणार. साल सुटत नसेल तर चुना किंवा आच कमी पडली. तोंडात साबणासारखी कडवट चव आली तर चुना जास्त झाला किंवा धुणं कमी झालं. पिवळं पाणी (त्याला नेखायोते म्हणतात) ओतून दोन-तीन पाण्यांनी धुवा, पण दाणा लख्ख करत बसू नका. सालीतला चिकट अंश थोडा राहिला तरच पीठ एकजीव होतं.

मग मोलिनो. आपली पीठगिरणीच, फक्त दळण ओलं. ‘टॉर्टियासाठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तामालेसचं (पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाचं) जाडसर दळण हातात पडेल. घरच्या मिक्सरच्या भरवशावर राहू नका. पातं फिरायला इतकं पाणी घालावं लागतं की शेवटी गोळा घट्ट करायला पाकिटातलं पीठच लागतं. मेताते या दगडी पाट्यावर वाटता येतं, पण किलोभर वाटताना खांदे भरून येतात.

आता ज्या एका गोष्टीवर माझा कल ठरला ती. पाकिटाचं पीठ मळलं तेव्हा बरोबर असतं, पण पाणी ते हळूहळू पीत राहतं. दहाव्या गोळ्यापर्यंत कडा फाटायला लागतात. हात ओला करून पुन्हा मळावं तर अकरावी खालच्या प्लास्टिकच्या कागदाला चिकटते. शिकणाऱ्याला कळतच नाही की चूक हाताची की पिठाची. दाबयंत्रावर, म्हणजे प्रेन्सावर, हे खपून जातं. दोन तळव्यांत थापताना नाही. ओल्या दळणाचं पीठ ताणलं तरी धरून राहतं, त्यामुळे कड फाटली तर बहुतेक वेळा हातच चुकलेला असतो. कदाचित माझ्या हाताचाच हा दोष असेल, पण भाकरी येणाऱ्यांना हा फरक लवकर जाणवावा. भाकरीची एक सवय मात्र सोडावी लागते: इथे परातीत कोरडं पीठ भुरभुरत नाहीत. तळवे ओले, ३० ते ३५ ग्रॅमचा गोळा, आणि प्रत्येक थापेला थोडं फिरवणं.

भाजणं दोन्हींचं एकच. कोमालवर, म्हणजे तव्यावर, पाण्याचा थेंब नाचून उडाला की टाका. पहिली बाजू १५ ते २० सेकंद, कड सुटली की उलटा, दुसरी पाऊण मिनिट, पुन्हा उलटून हलकं दाबा. फुगली नाही तर तवा थंड आहे किंवा पीठ कोरडं आहे. मग जाड फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं वाफेत ठेवा. गरमागरम खाल्ली तर ती कच्ची वाटते. दुसऱ्या दिवशी पाकिटाची टॉर्टिया परत गरम करून दुमडली तर मधोमध तडकते, गिरणीची सहसा वाकते.

पाकीट वाईट आहे असं नाही. मेक्सिको सोडल्यावर, जवळ मोलिनो नसेल तिथे, तेच हाताशी असेल. पण वाहाकात असताना तेवढ्यावर भागवणं मला पटत नाही. मका शिजवायचा वेळ नसेल तर मोलिनोत तयार पीठ किलोवर मिळतं. घेताना त्यात कोरडं पीठ मिसळलंय का एवढं विचारा. आणि सकाळी लवकर जा: दुपारपर्यंत ते संपतं, आणि घरी आणलेलं संध्याकाळी आंबूस वास मारायला लागतं.