डीलरच्या नावाने डाव की सरळ चिप?

फिनिक्सला राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतातून पाहुणे आले की ग्रँड कॅन्यनच्या पाठोपाठ लास व्हेगासची फेरी ठरलेलीच असते. किंगमनमार्गे हूवर धरणाशेजारच्या पुलावरून जाणारा पाच तासांचा तो रस्ता मी आता इतक्या वेळा कापला आहे, की परतीच्या वाटेवर पाहुणे काय विचारतील हेही मला पाठ झाले आहे. त्यांतला एक प्रश्न टिपेविषयीचा असतो, आणि तो बहुधा ‘किती द्यायची’ असा असतो. माझ्या मते ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर ‘कशी द्यायची’ हा प्रश्न त्याहून अवघड आहे. कारण तिथे टिप देण्याच्या दोन सर्वमान्य पद्धती आहेत, दोन्ही शिष्टाचारात बसतात, आणि दोन्हींच्या बाजूने बोलणारी जाणती माणसे भेटतात. मी काही वर्षे पहिली पद्धत पाळली आणि नंतर दुसरीकडे वळलो. हा बदल का झाला हे सांगितले, तर प्रथमच जाणाऱ्याला निवड करणे कदाचित सोपे जाईल.

तिथल्या कामगारांच्या बोलीत टिपेला ‘टोक’ म्हणतात. तो शब्द ‘टोकन’वरून आला असावा असे सांगतात, ‘टिप’ या इंग्रजी शब्दाचा एक अर्थही आपल्याकडे ‘टोक’ असाच होतो, हा निव्वळ योगायोग, पण मराठी माणसाला शब्द लक्षात ठेवायला सोयीचा. हे टोक डीलरच्या, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याच्या, दृष्टीने किरकोळ नसते. नेवाडा राज्यात किमान वेतन जुलै २०२४ पासून ताशी १२ डॉलर आहे, आणि टिप मिळते म्हणून मालकाला त्यात कपात करता येत नाही. तरीही बहुतेक डीलरांचा मूळ पगार त्याच आकड्याच्या आसपास राहतो आणि घर चालते ते टिपेवर.

ब्लॅकजॅकमध्ये पत्त्यांची बेरीज एकवीसच्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करायची असते. टिपेची पहिली पद्धत म्हणजे डीलरच्या नावाने डाव लावणे. आपला डाव मांडायच्या वर्तुळातील चिपांच्या, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांच्या, पुढे रेषेला लागून एक चिप ठेवायची आणि ती डीलरसाठी आहे असे सांगायचे. आपण जिंकलो तर ती चिप आणि तिच्यावरची जीत डीलरच्या टिपेच्या डब्यात जाते; हरलो तर दोन्ही डाव कॅसिनो उचलतो. ही चिप आपल्या डावासोबत चालत असल्यामुळे १५ डॉलर किमान असलेल्या टेबलावरही ती ५ डॉलरची चालते. या पद्धतीत एक रंगत आहे, हे मी आजही नाकारत नाही. एरवी यंत्रासारखे पत्ते वाटणारा माणूस त्या डावापुरता आपल्या बाजूचा होतो, शेजारी बसलेले अनोळखी लोकही त्या ५ डॉलरच्या लाल चिपेकडे पाहू लागतात, आणि डीलरचे पत्ते एकवीसच्या वर गेले की सर्वांत मोठे हसू डीलरच्याच तोंडावर उमटते. जुने खेळाडू यात आणखी एक बारकावा करतात: चिप पुढे न ठेवता आपल्याच डावाच्या डोक्यावर ठेवतात आणि तसे सांगतात. मग जिंकल्यावर फक्त जिंकलेली रक्कम डीलरकडे जाते आणि मूळ चिप पुढच्या डावासाठी आपल्या ताब्यात राहते.

मीही वर्षानुवर्षे हेच करत होतो. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सासरे आले होते. सांगलीच्या एका सहकारी बँकेत त्यांनी हयातभर कॅशियर म्हणून काम केले आहे. फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या एका कॅसिनोत, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी, म्हणजे टेबलाची किमान रक्कम जरा माणसात असते त्या वेळी, मी खेळायला बसलो आणि ते माझ्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे राहिले. पत्ते वाटणाऱ्या बाई वयाने पन्नाशीच्या पुढच्या, अतिशय सौजन्यशील होत्या. माझ्या पत्त्यांची बेरीज मी दोनदा चुकवली, तेव्हा त्यांनी ती चारचौघांत मला कमीपणा न येऊ देता सुधारली. मी त्यांच्या नावाने एक चिप लावली, ती गेली. दुसरी लावली, गेली. तिसऱ्या वेळी माझे अकरा झाले आणि त्यांचा उघडा पत्ता सहा होता. अशा वेळी डाव दुप्पट करायचा असतो, म्हणून मी माझा केला, आणि त्यांची चिप एकटी ठेवणे बरे दिसेना म्हणून तिच्याशेजारी आणखी एक ठेवली. त्यांनी एकवीस काढले. पाचवी चिप एकदा बरोबरीत सुटली आणि पुढच्याच डावात गेली. प्रत्येक वेळी त्या बाई मनापासून धन्यवाद म्हणाल्या आणि प्रत्येक वेळी त्यांनीच ती लाल चिप उचलून कॅसिनोच्या ट्रेमध्ये रचली. थोड्या वेळाने बदलीचा डीलर आला, बाईंनी दोन्ही तळहात कॅमेऱ्याला उलटसुलट दाखवले आणि त्या विश्रांतीला निघून गेल्या.

“जावईबापू,” सासऱ्यांनी मागून हळूच विचारले, “त्या बाईंना मिळालं किती?”

“काही नाही, बाबा.”

“पाच चिपा गेल्या ना? मग आपण दिलं कुणाला?”

मी २५ डॉलर खर्च केले होते, माझ्या समजुतीने टिप दिली होती, समोरच्या बाईंनी तिचे पाच वेळा आभारही मानले होते. आणि त्यांच्या डब्यात एक सेंटही पडला नव्हता. नुकसानीचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण टेबलावर बसतानाच ते गृहीत धरलेले असते. खटकले ते एवढेच, की मी दिलेले पैसे त्यांच्या मालकाला मिळाले होते आणि ते मालकाला नेऊन देण्याचे काम मी त्यांच्याच हातून करून घेतले होते. त्यानंतर त्या पद्धतीत माझे मन रमले नाही.

येथे न्याय म्हणून सांगितले पाहिजे, की गणित माझ्या बाजूने उभे राहत नाही. ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाल्यास, दोनास तीन दराने पैसे देणारे टेबल असेल आणि खेळणारा पुस्तकी पद्धतीने खेळत असेल, तर कॅसिनोचा फायदा साधारण अर्धा टक्का धरतात. म्हणजे डीलरच्या नावाने लावलेल्या १०० डॉलरांपैकी सरासरीने साडेनव्याण्णव त्यांच्याकडे पोचतात; कधी दुप्पट, कधी शून्य, एवढाच फरक. रोज खेळणाऱ्याला ही सरासरी भेटते. वर्षातून दोनदा, दोन-दोन तास बसणाऱ्या माझ्यासारख्याला ती भेटतेच असे नाही, आणि त्या दुपारच्या बाईंना तर ती नक्कीच भेटली नाही. शिवाय हल्ली स्ट्रिपवरील, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरील, अनेक टेबलांवर पाचास सहा हा दर असतो, म्हणजे १० डॉलरच्या डावावर ब्लॅकजॅक लागल्यास १५ ऐवजी १२ डॉलरच मिळतात. तिथे कॅसिनोचा फायदा दोन टक्क्यांच्या घरात जातो. रुलेटच्या दोन शून्ये असलेल्या फिरत्या चाकावर तो ५.२६ टक्के आहे. क्रॅप्स या फाशांच्या खेळाच्या टेबलावर ‘टू-वे हार्ड एट’ म्हणून, म्हणजे दोन्ही फाशांवर चार-चार पडतील यावर, एक चिप स्वतःसाठी आणि एक कर्मचाऱ्यांसाठी फेकण्याची जी ऐटबाज रीत आहे, तिच्यात तो नऊ टक्क्यांच्याही वर जातो. तेव्हा डावच लावायचा असेल, तर निदान तो कुठे लावतो आहोत हे पाहिलेले बरे.

दुसरी पद्धत अगदी साधी आहे. चिप टेबलावर पुढे सरकवायची आणि ती डीलरसाठी आहे असे सांगायचे. खेळात उतरलेली चिप नव्हे हे कळावे म्हणून ती वर्तुळापासून दूर ठेवावी; हातात मात्र देऊ नये, कारण डीलरला खेळाडूच्या हातून काही घेता येत नाही. नोट द्यायची असली तरी ती टेबलावरच ठेवावी लागते. त्यानंतर जे घडते ते पाहण्यासारखे असते. डीलर ती चिप उचलतो, ट्रेच्या किंवा डब्याच्या कडेवर टक्‌टक् आपटतो, म्हणजे मागे उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाच्या कानावर ती जाते, आणि मग ती डब्याच्या फटीतून आत सोडतो. त्या संध्याकाळी मी नव्या डीलरला याच रीतीने एक चिप दिली, तेव्हा सासऱ्यांनी मान डोलावली. पैसे काउंटरवर उघडे ठेवायचे, सर्वांदेखत मोजायचे, मगच गल्ल्यात टाकायचे, ही शिस्त त्यांना ओळखीची होती.

या पद्धतीला रंगत नाही, ही तक्रार खरी आहे. डीलर हसून आभार मानतो आणि पुढचा पत्ता वाटतो. टेबलावरच्या कोणाचा श्वास रोखला जात नाही. काहींना ती रुक्षही वाटते. मला तो रुक्षपणा परवडतो. मी बसताना १०० डॉलरच्या चिपा घेतो, त्यांतल्या चार लाल चिपा बाजूला काढतो आणि साधारण अर्ध्या तासाने एक पुढे सरकवतो. मी जिंकत असलो काय, हरत असलो काय, त्याचा त्या चिपांशी संबंध ठेवत नाही. सगळी टिप उठताना एकदम देण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात, पण उठताना हातात काही उरलेले असते असे गृहीत धरणाऱ्याने माझे पत्ते पाहिलेले नाहीत.

डबा त्या एका डीलरचा असतो असे मात्र समजू नये. स्ट्रिपवरील बहुतेक कॅसिनोंत सर्व डीलरांची टिप एकत्र करून कामाच्या तासांप्रमाणे वाटली जाते, म्हणून डीलर बदलला तरी मागच्याचे देणे राहून गेले असे होत नाही. या वाटणीवरून वादही झाले आहेत. विन लास व्हेगास या कॅसिनोने २००६ मध्ये त्या वाटणीत पर्यवेक्षकांनाही सामील केले. डीलरांनी विरोध केला, प्रकरण वर्षानुवर्षे चालले, आणि २०१३ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅसिनोच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे सासऱ्यांच्या प्रश्नाचे काटेकोर उत्तर थेट चिप देऊनही पूर्णपणे मिळत नाही. तरी ती चिप काम करणाऱ्यांच्याच डब्यात पडते, एवढे नक्की. पोकरच्या खोलीत गोष्ट निराळी आहे. तिथे साधारणपणे ज्याची टिप त्याचीच असते, म्हणून डाव जिंकल्यावर एक-दोन डॉलर तेव्हाच द्यावेत. नंतर देऊ म्हटले, तर तो डीलर पुढच्या टेबलावर गेलेला असतो.

फुकट पेय आणून देणाऱ्या मुलीला दर पेल्यामागे एक-दोन डॉलर द्यावेत, त्याची चर्चा करण्यासारखे काही नाही.

हे सर्व नेवाडापुरते आहे. सिंगापूरच्या कॅसिनोंत कर्मचाऱ्यांना टिप घेण्याची मुभाच नाही, त्यामुळे तिथे हा पेच पडत नाही. महाराष्ट्रात तर तो पडण्याआधीच मिटला: कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. मराठी माणसाला जवळचा म्हणजे पणजीचा मांडवीकाठ. तिथल्या कॅसिनोच्या जहाजावर मी दोनदाच गेलो आहे, म्हणून अधिकाराने बोलणार नाही. पण प्रवेशाच्या पैशांत जेवण आणि पेये बहुधा धरलेली असल्यामुळे आपण सगळ्यांचे देणे आधीच दिले आहे असे खेळणाऱ्याला वाटते, आणि पत्ते वाटणारी मुले त्या समजुतीत मागे राहतात, असे मला दोन्ही वेळा दिसले. तिथेही मी थेट चिपच दिली आणि ती आनंदाने घेतली गेली.

डीलरच्या नावाने डाव लावणे मी अगदीच सोडले आहे असेही नाही. चारही लाल चिपा डब्यात पडल्या असतील, टेबलावरची मंडळी हसरी असतील आणि माझ्यापुढे एखादी चिप उरली असेल, तर शेवटच्या डावाला ती रेषेवर ठेवतो. सासरे अलीकडे फोनवर त्या एका चिपेचीच चौकशी करतात.