वागळे इस्टेटमध्ये दुरुस्त करून घेतलेला सेल्फ: घरी बसवून एक पावसाळा वापरल्यानंतर

माझ्या डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, मी मे महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः उतरवला, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आतून नवा करून घेतला आणि स्वतःच परत बसवला. त्यानंतर जून ते ऑक्टोबर असा संपूर्ण पावसाळा त्यावर निघाला. 4,200 रुपयांत झालेले हे काम करून घेण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दुकानातून हातात आलेली वस्तू थेट गाडीला लावण्याजोगी नव्हती, आणि गाडी आज जशी चटकन उठते त्याचे सगळे श्रेय दुकानाला देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी 2012 ची, अडीच लीटरच्या कॉमन-रेल इंजिनाची आहे आणि तिचे दीड लाखाहून अधिक किलोमीटर झाले आहेत. रोज कोलशेतहून महापेला जाणे-येणे असते, आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचले की गाडीचे पोट त्या पाण्यातूनच जाते. सेल्फ बसलेला असतो तो नेमका इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे, खालच्या बाजूला, चिखलाच्या वाटेत. इतकी वर्षे त्याने तक्रार केली नाही, हीच त्याची कमाई.

एप्रिलच्या अखेरीस किल्ली फिरवली की बोनेटखालून एकच जोरदार ‘खट्’ असा आवाज येऊ लागला आणि पुढे शांतता. इथे आवाज नीट ऐकणे फार महत्त्वाचे असते. ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते, कारण सोलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, पण भार पडताच व्होल्टेज कोसळून तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. मोटर घर्रकन फिरते, पण इंजिन हलत नाही, अशी स्थिती असेल तर बहुधा बेंडिक्सचा, म्हणजे मोटरला इंजिनाशी जोडणाऱ्या दातेरी भागाचा, एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरत असतो. एकच ‘खट्’ याचा अर्थ बहुधा सोलेनॉइडने आपले काम केले, पण त्याच्या आतल्या तांब्याच्या संपर्कातून किंवा कार्बनमधून (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या घासत्या तुकड्यांतून) मोटरपर्यंत वीज पोहोचत नाही. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती. खाली सरपटत जाऊन हातोडीच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर दोन हलके ठोके दिले, तेव्हा वरून वॉचमनकाकांनी किल्ली फिरवताच इंजिन चालू झाले. झिजलेले कार्बन ठोक्याने क्षणभर कम्युटेटरला, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्याला, टेकतात, म्हणून हा उपाय चालतो. पण तो चार-सहा वेळाच चालतो. ऐरोलीच्या पुलावर टोलनाक्याच्या गर्दीत असा प्रसंग येण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

आधी मी एक चूक केली, तीही सांगतो. ऑनलाइन बाजारातून माझ्या मॉडेलचे नाव छापलेला, पण मूळ कंपनीचा नसलेला नवा सेल्फ 5,800 रुपयांना मागवला. पिनियनचे, म्हणजे सेल्फच्या छोट्या दातेरी चाकाचे, दात मोजले तर ते बरोबर होते, बोल्टच्या भोकांमधले अंतरही बरोबर होते. पण फ्लँजच्या (बोल्ट लागतात त्या कडेच्या) तुलनेत सोलेनॉइडचा कोन काही अंशांनी फिरलेला होता, त्यामुळे तो इंजिन ब्लॉकच्या एका उंचवट्याला अडून पूर्ण बसेना. पैसे परत मिळाले, पण शनिवार-रविवार हातचे गेले. तेव्हापासून माझे मत पक्के झाले की ज्या सेल्फचे कवच त्या गाडीवर वर्षानुवर्षे बसलेले आहे, तेच कवच राखून आतले भाग बदलावेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या मूळ सेल्फचा मजुरीसह अंदाज चौदा हजारांच्या पुढे होता. गाडीची पंधरा वर्षे भरत आलेली असताना आणि पुनर्नोंदणी व पर्यावरण कराचा खर्च समोर दिसत असताना तो मला पटला नाही.

वागळे इस्टेटच्या एका आतल्या रस्त्यावर, लेथच्या वर्कशॉपला लागून असलेले हे दुकान जेमतेम दहा बाय बाराचे आहे. भिंतीवर आर्मेचर (मोटरचे तारा गुंडाळलेले फिरते भाग) टांगलेली, खाली फरशीवर डायनामो आणि सेल्फ यांचा ढीग, आणि त्यामध्ये बसायला एक स्टूल. मिस्त्रींनी माझ्यासमोर सेल्फ उघडला, ही त्यांची पहिली जमेची बाजू. चारही कार्बन काढून हातावर ठेवले. दोन तर इतके झिजले होते की त्यांची तांब्याची वेणी कम्युटेटरला जवळजवळ घासत होती. “साहेब, आर्मेचर चांगलं आहे, ते बदलायला सांगणारे सांगतील, पण गरज नाही,” असे ते म्हणाले. ज्या भागाचे सर्वांत जास्त पैसे लावता आले असते तो भाग त्यांनी लावला नाही, आणि मी त्यांच्यावर विश्वास टाकला तो इथे. कार्बन आणि त्यांचा होल्डर, सोलेनॉइड, बेंडिक्स आणि दोन्ही टोकांचे बुश नवे, कम्युटेटर लेथवर घासून साफ, प्लॅनेटरी गिअर धुऊन नव्या ग्रीससह, असा 4,200 चा हिशेब झाला. मी कवचावर पंचने एक बारीक खूण करून ठेवली होती, आणि दुसऱ्या दिवशी तेच कवच परत मिळाले याची खात्री केली. गैरविश्वास दाखवल्यासारखे वाटत असले तरी अशा दुकानात ढीग एवढा असतो की अदलाबदल नकळतही होऊ शकते.

दुकानातली चाचणी मात्र अपुरी आहे. सेल्फ पायाखाली दाबून धरायचा, बॅटरीच्या जाड वायरी टेकवायच्या, पिनियन झपकन बाहेर येऊन गरगर फिरले की काम झाले. ही बिनभाराची चाचणी आहे. तिच्यातून मोटर फिरते एवढेच कळते. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन सोळा-सतराला एक असे असते, तेव्हा ते फिरवताना शेकडो अँपिअरचा प्रवाह लागतो, आणि कमकुवत जोड तिथेच उघडा पडतो. शिवाय पायाखाली सेल्फ दाबणे धोक्याचे आहे, कारण सुरू होताना तो उलट्या दिशेने उसळतो. साधा व्हाइस तिथे लावलेला होता, तो वापरायला हवा होता.

आता घरच्या कामाविषयी. उंच गाडीचा एक फायदा असा की जॅक न लावता खाली जाता येते, आणि माझ्या मते घरी काम करणाऱ्याने शक्य तोवर तसेच करावे. चाकांना लाकडी ठोकळे, गिअर आणि हँडब्रेक एवढे पुरते. फोर-व्हील-ड्राइव्हची अडचण वेगळी आहे. पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि एक्झॉस्टचा पाइप यांच्यामधून मनगट घालावे लागते, आणि वरचा बोल्ट डोळ्यांना दिसतच नाही. लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट यांच्याशिवाय त्या बोल्टच्या वाटेला जाऊ नये. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर सकाळी शिव्या कमी द्याव्या लागतात. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. सेल्फपर्यंत येणारी जाड वायर थेट बॅटरीपासून येते, किल्ली बंद असली तरी ती जिवंत असते आणि माझ्या गाडीत तिच्या मार्गात फ्यूजही नाही. पान्याचे दुसरे टोक चॅसिसला टेकले तर पाना लालभडक होण्याइतका प्रवाह वाहू शकतो. त्यानंतर जाड वायरीचा नट आणि किल्लीकडून येणारी बारीक वायर सोडवावी, आणि शेवटी बोल्ट. शेवटचा बोल्ट सुटताना दुसरा हात खालून आधाराला हवा, नाहीतर पाच-सहा किलोंचा लोखंडी ऐवज सरळ छातीवर येतो. जागा मोकळी झाली की टॉर्चने फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे, म्हणजे पिनियन ज्यात अडकते त्या मोठ्या कड्याचे, दात पाहून घ्यावेत. माझे शाबूत होते. ते तुटलेले असते तर गिअरबॉक्स उतरवण्याचे मोठे काम घरी झाले नसते.

बसवताना दुकानाची मोठी उणीव समोर आली. त्यांनी संपूर्ण सेल्फला चंदेरी रंग मारला होता, फ्लँजच्या बेल हाउसिंगला (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या कवचाला) टेकणाऱ्या पृष्ठभागासकट. सेल्फला वेगळी अर्थिंगची वायर नसते. परतीचा सगळा प्रवाह याच धातूच्या स्पर्शातून आणि बोल्टमधून जातो. तिथे रंगाचा थर म्हणजे दारातच अडथळा. पॉलिश पेपरने फ्लँज आणि बोल्टची बैठक घासून धातू उघडा करायला मला अर्धा तास लागला. दुसरी उणीव म्हणजे जाड वायरीच्या टोकावरची रबरी टोपी त्यांनी परत दिली नव्हती. चिखलपाण्यात चालणाऱ्या गाडीत ती हवीच. आणखी एक सावधगिरी नव्या सोलेनॉइडपुरती: तिथला तांब्याचा स्टड मऊ असतो, म्हणून खालचा नट पान्याने धरूनच वरचा आवळावा, नाहीतर स्टड फिरतो आणि आतला संपर्क वाकडा होतो.

बसवल्यानंतर इंजिन सुरू झाले, पण मनासारखे झाले नाही. पहिले दोन फेरे जड जात होते. इथे बहुतेक जण दुकानाकडे धाव घेतात. मी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर लावून किल्ली फिरवायला सांगितली, तर 0.9 व्होल्ट दिसले. तीनशे अँपिअरच्या प्रवाहात एवढा फरक पडायला वाटेत फक्त तीन सहस्रांश ओहमचा अडथळा पुरतो, आणि तो चॅसिस व इंजिन यांच्यामधल्या जुन्या अर्थ पट्टीत होता. तिची विणलेली तार टोकाशी हिरवी पडली होती. कळव्यातून 350 रुपयांची नवी पट्टी आणून लावली, जागा घासून घेतली, आणि तोच आकडा 0.15 वर आला. तेव्हापासून इंजिन अर्ध्या किल्लीत उठते. दुकानाने माझी गाडी पाहिलीच नव्हती, तेव्हा हा दोष त्यांचा नाही. पण ही पट्टी तशीच राहिली असती, तर नवे कार्बन आणि नवा सोलेनॉइड यांनाही मी नाहक नावे ठेवली असती.

पाच महिन्यांत विटाव्याचे पाणी दोनदा, माळशेज घाटातली धो-धो सर एकदा आणि घोडबंदर रोडवरची रोजची थांबाथांब एवढे झाले. जुलैत एकदा मुद्दाम खाली जाऊन पाहिले, तर सेल्फच्या अंगावर चिखल वाळलेला होता, पण टोकावर गंज नव्हता. हमी सहा महिन्यांची, तीही बिलाच्या मागे पेनाने लिहिलेली. बिलावर फक्त ‘सेल्फ रिपेअर’ एवढेच आहे, बदललेल्या भागांची यादी नाही. ती मागून लिहून घ्यावी.

रबरी टोपीसाठी मी जूनमध्ये दुकानात परत गेलो. मिस्त्रींनी खणातून एक काढून दिली, पैसे घेतले नाहीत. फ्लँजवरच्या रंगाबद्दल विचारले, तेव्हा ते हसले. “रंग नसला ना साहेब, तर गिऱ्हाईक जुना माल दिला म्हणून परत आणतं.”