फेरी, वही की भजनी मंडळ? रोजचा अर्धा तास मनासाठी काढायचा तर

दोन वर्षांमागं आई गेली. त्यानंतर कित्येक दिवस मला पहाटे साडेतीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत मी पंख्याकडं बघत पडून राहायची. दिवसा सगळं नेहमीसारखंच, शाळा, स्वयंपाक, पोराचा डबा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सकाळी माझ्यासंगट वॅक्सिन डेपोला चालायला ये." वॅक्सिन डेपो म्हणजे आमच्या बेळगावातली झाडीची मोकळी जागा. नणंद म्हणाली, मनात आहे ते लिहून काढ. सासूबाईंचं म्हणणं, गुरुवारी मंडळात बसत जा. मी तिन्ही करून बघितलं. तुमच्याकडंही दिवसातून अर्धाच तास मोकळा असेल आणि तो कुठं घालावा हे ठरत नसेल, तर या तिघांत मला काय फरक दिसला ते सांगते.

चालायला पैसा लागत नाही आणि कुणाला कारणही सांगावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाललं की झालं. मध्यम गती ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. माझी झोप बिघडली होती, म्हणून सकाळच्या फेरीचा मला दुहेरी उपयोग झाला. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर यायला मदत होते आणि रात्री वेळेवर डोळा लागतो. पंधरा-वीस दिवसांत साडेतीनची जाग पाचवर गेली.

पण एकटी चालले त्या दिवशी डोकं काही थांबायचं नाही. पाय वॅक्सिन डेपोच्या झाडांखाली आणि मन दवाखान्याच्या त्या बाकावर. काकू सोबत असल्या की त्या भाजीच्या दरापासून सुनेपर्यंत बोलत राहायच्या आणि मी तेवढ्यापुरती तरी सुटायची. शिवाय आपल्याकडचा पाऊस आहेच. जून ते सप्टेंबर बेळगावात रोजची फेरी जमवणं अवघड आणि खानापूर, जांबोटीकडं तर विचारायलाच नको. खेड्यात बाई एकटी फिरायला निघाली तर "कुठं चाललीस गं?" हे चार दारांतून ऐकावं लागतं, ती अडचण मी हलकी मानत नाही. आणि उद्यमबागेत फाउंड्रीत दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला संध्याकाळी 'चालून या' म्हणणं बरोबर नाही. त्याच्या अंगाला आधी विसावा हवा.

वहीचं काम निराळं आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं स्वतःच्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून उठल्या उठल्या त्यांचं मन आणखी खिन्न व्हायचं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण पहिल्या रात्री मी इतकी रडले की वही माळ्यावर टाकून दिली. आठवड्यानं परत काढली.

वहीबद्दल आपल्या भागातल्या लोकांना एक मुद्दाम सांगायचंय. आपली जीभ दिवसभर दोन-तीन भाषांत फिरते. कचेरीत, बसमध्ये कन्नड, पोरांच्या अभ्यासात इंग्रजी, घरी मराठी. मला कन्नड चांगलं येतं, पण आईवर मला राग आला होता, दुखणं शेवटपर्यंत लपवलं म्हणून, आणि तो राग फक्त घरच्या मराठीत कागदावर उतरला. 'करायलीस', 'सांगायचं न्हाईस' असल्या बोलीत. शुद्धलेखन बघत बसू नका.

वहीची भीती एकच: एकत्र कुटुंबात ती कुणाच्या तरी हातात पडते. मी सुट्या कागदावर लिहून फाडून टाकायची. आणि तेच वाक्य चौथ्या दिवशीही जसंच्या तसं येत असेल तर लिहिणं थांबवा. तेव्हा आपण उकल करत नसतो, जखम खाजवत असतो. ज्यांना मोठं दुःख नाही, नुसती उद्याच्या कामांची घालमेल आहे, त्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं कामांची यादी करावी. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या प्रयोगात यादी लिहिणाऱ्यांना, संपलेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली.

मंडळाबद्दल मला शंका होती. मी फार देवभोळी नाही. पण गाताना श्वास लांब सोडावा लागतो, आणि लांब सोडलेल्या श्वासानं हृदयाची धडधड उतरते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांना २०१३ मध्ये असं दिसलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके बरोबरीनं कमी-जास्त होतात. मला त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. एका गुरुवारी अभंगाच्या मध्येच मला रडू फुटलं. कुणी काही विचारलं नाही. टाळ चालूच राहिले, शेजारच्या बाईनं फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हे वहीत मिळत नाही. तोटा असा की आठवड्यातून एकदाच जमतं, आणि मनातलं तिथं बोललात तर ते सकाळपर्यंत वडगावभर होऊ शकतं. गायला जा, सांगायला नको.

श्वासाचा व्यायाम मी या तिघांच्या रांगेत बसवत नाही. तो अडीअडचणीचा. छाती धडधडायला लागली की मिनिटाला साधारण सहा श्वास, घेतल्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, पाच मिनिटं. अशा वेळी भस्त्रिका, कपालभाती करू नका. जोराच्या श्वासानं चक्कर येते आणि घाबरेपणा वाढतो.

मिश्रीचंही बोलायला हवं, कारण निपाणी-चिकोडीकडं कितीतरी बायकांचा 'डोकं शांत करायचा' उपाय तोच आहे. तंबाखूनं वाटणारी शांतता बहुतेक वेळा तलफ भागल्याची असते, आणि ती तलफ आधीच्या चिमटीनंच आणलेली असते. ती एकदम सुटत नसेल तर निदान तिला उपाय म्हणून धरू नका.

मग निवडायचं काय? झोप गेली असेल, अंग जड वाटत असेल तर सकाळची फेरी, आणि ती कुणाच्या तरी सोबतीनं. एकच गोष्ट डोक्यात रुतून बसली असेल तर वही. घर भरलेलं असून एकटं वाटत असेल तर मंडळ. आत्ता पाऊस असेल तर वहीनं सुरुवात करा, फेरी दसऱ्यानंतर. एकच काहीतरी सांग म्हणाल तर मी सोबतीची फेरी सांगेन, कारण तिच्यात उजेड, हालचाल आणि माणूस तिन्ही एकदम मिळतात.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांवर मन उठत नसेल, जेवण-झोप गेली असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर अर्ध्या तासाच्या उपायावर थांबू नका. मरणाचा विचार आला तर दोन आठवडेही वाट बघायची नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांवरची सरकारी संस्था आहे. आणि १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी क्रमांक दिवसरात्र फुकट लागतो, त्यावर मराठीही आहे आणि कन्नडही. काय बोलावं सुचत नसेल तर "मला झोप लागत नाही" एवढ्यानं सुरुवात करा, पुढचं ते विचारतात.