तालुका विधी सेवा समिती: सल्ला घेणाऱ्यांसाठी आणि तिथे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

आधी गुण देऊन टाकते: पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे सांगतेच. पण वकिलाची फी परवडत नाही, किंवा आपलं काम कोर्टातलं आहे, तहसीलमधलं आहे की पोलिस ठाण्यातलं हेच उमगत नाही, अशा माणसाने आपल्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीची खोली जरूर शोधावी.

शाळेतली लिपिकाची नोकरी संपल्यावर मी विधी स्वयंसेवक झाले. कोर्टात आम्हाला सगळे ‘पीएलव्ही’ म्हणतात, म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटियर. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये ही योजना आणली. वकिलीची पदवी लागत नाही. जिल्हा प्राधिकरण जाहिरात काढतं, मुलाखत घेतं, प्रशिक्षण देतं आणि ओळखपत्र देतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी बसते. कुठला तालुका ते मुद्दाम लिहीत नाही आणि खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचे तपशीलही बदलले आहेत. तिथे बोललेलं तिथेच राहायला हवं.

‘मोफत’ शब्द ऐकला की लोकांना वाटतं, पिवळं रेशनकार्ड असेल तरच. हा गैरसमज मी जवळजवळ रोज दूर करते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याच्या १२व्या कलमात यादीच आहे. कुठलीही स्त्री, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेला, यांचं उत्पन्न बघितलंच जात नाही. नोकरी करणारी, पगारदार बाईसुद्धा मोफत वकील मागू शकते. बाकीच्यांसाठी आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. आणि फक्त वकिलाची फी नाही, कोर्ट फी, समन्सचा खर्च, कागद तयार करण्याचा खर्च हेही प्राधिकरण सोसतं. फौजदारी खटल्यातल्या आरोपींसाठी अनेक जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालयही आहे, तिथले वकील पूर्णवेळ तेवढंच काम करतात.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. माणूस येतो. प्लास्टिकच्या पिशवीत कागद असतात, त्यात लाइट बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं. मी नोंदवहीत नाव घेते, पाणी देते आणि ऐकते. लोक सुरुवात फार लांबून करतात, आजोबांच्या वाटणीपासून. मध्येच तोडलं तर नेमकं हवं ते निसटतं, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं मी पेन खाली ठेवते. मग कागद लावायचे, तारखा लावायच्या आणि अर्ज लिहायचा. शाळेत आयुष्यभर दाखले आणि अर्ज लिहिले, ती सवय इथे कामी आली.

आमच्याकडे सर्वांत जास्त येते ती जमीन. त्यातही बहिणीची सही.

साधारण माझ्याच वयाच्या एक बाई आल्या होत्या. वडील वारलेले, भाऊ म्हणाला होता की वारस नोंदीसाठी सही लागते, दुय्यम निबंधक कार्यालयात चल. मुलीने कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला होता म्हणून बरं. वर ठळक लिहिलेलं होतं, ‘हक्कसोडपत्र’. मी वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “ताई, सही केली तर माहेर राहतंय, न्हाई केली तर तुटतंय. तुमीच सांगा काय करू.”

हे आम्ही सांगत नाही. सही करा किंवा करू नका, हे सांगणं स्वयंसेवकाचं काम नव्हे आणि मला ते अगदी पटतं. तिच्या माहेरी परत कोणाला जायचंय? तिला. मी काय सांगू शकते ते सांगितलं. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस नोंदीने तुमचं नाव सातबाऱ्यावर लागतं, हक्कसोडीने ते निघतं. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते रद्द करायला दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि फसवणूक झाली हे सिद्ध करावं लागतं, ते सोपं नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील त्या दुरुस्तीच्या आधी गेले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणीकृत वाटणी झालेली असेल तर ती उकरता येत नाही. म्हणून आधी जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी, काढून आणा, मग बोलू.

त्यांनी फेरफार आणले. वाटणी झालेली नव्हती. मग समितीच्या पॅनेलवरच्या, म्हणजे मोफत मदतीसाठी नेमलेल्या वकिलांच्या यादीतल्या, वकीलबाईंनी त्यांना विचारलं, तुम्हाला जमीन हवी आहे की नाव हवं आहे? हा प्रश्न मला आजही मोलाचा वाटतो. त्यांना जमीन कसायची नव्हती, भावाचं पोट त्यावर होतं हे त्यांनाही कळत होतं. त्यांना नाव हवं होतं. समितीने भावाला दाखलपूर्व, म्हणजे खटला दाखल होण्याआधीच्या, तडजोडीसाठी बोलावलं. तो रागात आला, पहिल्या दिवशी बोललाच नाही. अखेर लेखी ठरलं ते असं की बहिणीचं नाव सातबाऱ्यावर राहील आणि जमीन भाऊ कसेल. खटला झाला असता तर दोघांची मुलं तारखा करत बसली असती.

घरातल्या मारहाणीच्या तक्रारींत बाया बहुतेक वेळा घटस्फोट मागत नाहीत. “मला घरात राहायचंय, त्याने मारू नये एवढंच,” हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात नेमकं हेच मागता येतं, त्याच घरात राहण्याचा आदेश. घर नवऱ्याच्या नावावर नसलं तरी. हे ऐकून बायांचे चेहरे बदलतात, कारण घराबाहेर पडल्याशिवाय कायदा आपल्या बाजूने उभा राहत नाही अशीच त्यांची समजूत असते.

तलाठ्याची नमुना ९ ची नोटीस आली असेल तर उशीर करू नका. फेरफारावर हरकत असेल तर १५ दिवसांत लेखी द्यायची असते आणि पोच घ्यायची असते. लोक नोटीस घडी करून देवघरात ठेवतात आणि महिन्याने घेऊन येतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्या रक्तात इतकं भिनलंय की सल्ला विचारायची पायरीही कोणी वेळेत चढत नाही.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नसते. चेक परत गेल्याची, बँकेच्या थकबाकीची, अपघात नुकसानभरपाईची प्रकरणं ढिगाने असतात. मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. पण त्याविरुद्ध अपील नाही. म्हणून त्या दिवशी मी एकच काम मन लावून करते: सही करण्याआधी हप्ता किती, कधीपासून, चुकला तर काय, हे माणसाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घेते. त्याला सांगता आलं नाही तर पुन्हा टेबलापाशी नेते. गर्दीत हे कोणाला आवडत नाही, पण मला ते सोडवत नाही.

आता कापलेला गुण. आमच्या कक्षाला आडोसा नाही. सासऱ्याने काय केलं ते सांगणारी मुलगी आणि वीजबिलाचा अर्ज द्यायला आलेला माणूस एकाच बाकावर बसतात. एक पार्टिशन मिळावं म्हणून मी लेखी मागणी केली आहे, अजून मिळालेलं नाही. पॅनेलवरचे वकीलही सगळे सारखे नाहीत. काहीजण स्वतःच्या पक्षकारांपेक्षा जास्त जीव ओततात. काहीजण तारखेच्या दिवशी व्हरांड्यात पहिल्यांदा भेटतात. मोफत मिळालेल्या वकिलाबद्दल तक्रार करायची नसते असं पक्षकाराला वाटतं, तसं अजिबात नाही. समितीकडे अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. तालुका समितीचे अध्यक्ष तिथले ज्येष्ठ न्यायाधीशच असतात, त्यामुळे अर्ज वाचला जातो. स्वयंसेवकांचं मानधनही आमच्याकडे वेळेवर येत नाही. ज्यांचं घर त्यावर चालतं अशा दोन तरुण मुली याच कारणाने सोडून गेल्या आणि त्या फार चांगलं काम करत होत्या.

काम करायची इच्छा असलेल्यांसाठी: तुम्ही कोर्टात युक्तिवाद करणार नाही, काळा कोट घालणार नाही आणि कोणाकडून चहासुद्धा घेणार नाही. नेमणूक कोर्टातच होईल असं नाही, कारागृहात, पोलिस ठाण्यात, गावातल्या मदत केंद्रातही होते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आली की गावोगावची शिबिरं जास्त उपयोगी पडतात, दिवाळीनंतर घेतली तर समोर फक्त म्हातारी माणसं बसतात. शिक्षक, अंगणवाडी सेविका, पोस्टातून निवृत्त झालेले, कायद्याचे विद्यार्थी, सगळे चालतात. ज्याला दुसऱ्याचं बोलणं मध्येच पुरं करायची सवय आहे, त्याला जड जाईल.

सल्ल्यासाठी येणाऱ्यांनी आधारकार्ड आणि असतील तेवढे सगळे कागद आणावेत, निवड आम्ही करू. मूळ प्रत कोणाकडेही सोडू नका, आमच्याकडेही नाही, झेरॉक्स द्या. कोर्टात प्रकरण आधीच चालू असेल तर सीएनआर नंबर, म्हणजे त्या प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, आणा, त्यावरून पुढची तारीख लगेच बघता येते. यायला जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. आणि शक्यतो सकाळी या. जेवणाच्या सुट्टीनंतर सुनावणी सुरू झाली की वकीलसाहेब कोर्टात उभे असतात, मग तुमचा दिवस बाकावर जातो.