लॅमिंग्टन रोडची मीटरवरची स्पीकर वायर

लॅमिंग्टन रोडवरून मीटरवर कापून आणलेली २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर सध्या आमच्या हॉलमध्ये टाकली आहे. दुकानदार सोनेरी टोकांची, जाळीदार वेष्टनाची केबल गळ्यात मारायला बघत होता. म्हणे, ‘साहेब, तबल्याचा डग्गा खुलेल!’ किंमत ऐकून माझे कान तेवढे खुलले.

पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन दहा मीटर तार लागते. या जाडीत तिचा रोध साधारण ०.०७ ओहम; आठ ओहमच्या स्पीकरपुढे किस झाड की पत्ती. तेच ०.५ चौरस मिमीची बारीक वायर घेतलीत तर ०.३५ ओहम, आणि चार ओहमच्या स्पीकरवर तो फरक कानाला जाणवू शकतो.

घेताना टोक सोलून तार ब्लेडने खरवडा. आत पांढुरकं दिसलं की समजा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ही आतपर्यंत लालच निघाली. वेष्टन मात्र भलतंच ताठ, कोपऱ्यात वळता वळत नाही. लाल-काळी खूण ठळक आहे हे बरं. एकाच स्पीकरची जोडणी उलटी झाली तर बासची पार वाट लागते.

डग्ग्याचंच म्हणाल तर स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, गुंजणं गेलं. फुकटात.