झालिप्ये गावाचं कॅलेंडर, घ्याच
जळगावात फुले मार्केटजवळच्या फ्रेमवाल्याकडून पोलंडच्या झालिप्ये गावाच्या फोटोंचं बारा पानी कॅलेंडर घेतलं, अन काय सांगू, एक नंबर! गाव दक्षिण पोलंडात, तार्नुफ शहराच्या उत्तरेला. आधी तिथे घरांना धुराडी नव्हती, चुलीच्या काजळीने भिंती काळ्या व्हायच्या म्हणून बाया त्यावर चुन्याचे ठिपके मारायच्या, त्याचीच पुढे रंगीत फुलं झाली, अन ब्रश गाईच्या शेपटीच्या केसांचा. आजी फोटो बघून म्हणाली, आपल्या सारवण-पोतेऱ्यासारखंच आहे की. १९४८ पासून रंगवलेल्या घरांची स्पर्धा होते. अशी फुलं रंगवणाऱ्या तिथल्या नावाजलेल्या फेलित्सिया त्सुरिवोवाबाई १९७४ ला वारल्या, त्यांचं घर आता म्युझियम आहे. छपाई मस्तच, फक्त तारखा फार बारीक, आजीला दिसत नाहीत.