नैरोबीसाठी दोन पूर्ण दिवस काढावेत

मुंबईहून निघणाऱ्या केनियाच्या सहलींत नैरोबी हे शहर बहुधा रात्रीच्या मुक्कामापुरतेच असते; सकाळी न्याहारी उरकली की गाड्या मसाई माराच्या वाटेला लागतात. आमच्या सहल कंपनीनेही शहरासाठी जेमतेम अर्धा दिवस ठेवला होता. तो आम्ही हट्टाने वाढवून घेतला आणि त्यासाठी मोजलेले जादा पैसे पुरेपूर वसूल झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला मान नैरोबी राष्ट्रीय उद्यानाचा. १९४६ मध्ये स्थापन झालेले केनियाचे हे पहिले राष्ट्रीय उद्यान सुमारे ११७ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या उद्यानापेक्षा थोडेसेच मोठे आहे. मात्र बोरिवलीच्या दाट झाडीत बिबट्या असूनही सहसा दिसत नाही, तर येथील उघड्या माळरानावर चरणारा काळा गेंडा आणि त्याच्यामागे शहराच्या उंच इमारती एकाच नजरेत मावतात. तीन बाजूंना कुंपण असले, तरी झेब्रे आणि इतर तृणभक्षी प्राण्यांना पलीकडच्या मैदानांत ये-जा करता यावी म्हणून दक्षिणेची बाजू मोकळी ठेवली आहे. उद्यानावरून उंच खांबांवर नवी रेल्वेही जाते. ती छायाचित्रांत खुपते, पण आरेचा वाद पाहिलेल्या मुंबईकराला त्याचे नवल वाटू नये. जुलै १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी १२ टन हस्तिदंताची होळी केली, ती जागा याच उद्यानात आहे आणि तेथे थांबण्याचा आग्रह चालकाकडे अवश्य धरावा.

या उद्यानात रानहत्ती नाहीत. ती उणीव उद्यानालगतचे शेल्ड्रिक संस्थेचे अनाथ हत्तींचे संगोपनगृह भरून काढते. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी ही संस्था १९७७ मध्ये पतीच्या स्मरणार्थ स्थापन केली. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईचे दूध पचत नाही. पुष्कळ प्रयोगांनंतर त्यांना खोबरेल तेल घातलेल्या दुधाची कृती साधली. पिल्ले रांगेने धावत येतात, सोंडेनेच बाटली धरून दूध संपवतात आणि लाल चिखलात लोळतात. रात्री सांभाळणारे कर्मचारी त्यांच्याजवळच झोपतात, पण एकाच माणसाचा लळा लागू नये म्हणून त्यांच्या पाळ्या बदलत्या असतात. भेटीची वेळ सकाळी तासभराचीच असते आणि आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश नाही.

लांगाटा भागातील जिराफ केंद्र मुलांना फार आवडते. उंच सज्जावर उभे राहून रॉथशिल्ड जातीच्या जिराफाला हातावर खाद्य द्यायचे, तेव्हा त्याची लांब, करडी, खरखरीत जीभ तळहातावरून फिरते. मोठ्यांना अर्धा तास पुरे.

भारतीयांनी मुळीच चुकवू नये असे ठिकाण म्हणजे रेल्वे संग्रहालय, आणि नेमके तेच सहलींच्या यादीत क्वचित सापडते. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकण्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यांतले सुमारे अडीच हजार तेथेच मृत्युमुखी पडले. नैरोबी हे शहरच मुळी १८९९ मध्ये या मार्गावरील तळ म्हणून वसले. किमा स्थानकावर १९०० मध्ये ज्या डब्यातून सिंहाने चार्ल्स रायल या पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेले, तो डबा येथे उभा आहे. मांडणी जुनाट आहे आणि अनेक इंजिनांवर गंज चढला आहे, ही तक्रार मात्र करावीच लागेल.

राष्ट्रीय संग्रहालयात, वेळ उरल्यास, तुर्काना सरोवराजवळ १९८४ मध्ये सापडलेल्या, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या किशोराच्या सांगाड्याचे दालन तेवढे पाहावे.

शहर सुमारे १,७०० मीटर उंचीवर असल्याने पहाटेच्या फेरीला स्वेटर लागतोच. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे, त्यामुळे खाऊ कापडी पिशवीत न्यावा. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण तिच्या दाखल्याविना परतणाऱ्याला भारतात विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.